नागौरला द्यायचं राहिलेलं उत्तर

पुणे, वानवडी

चि. आदित्य,

अनेक आशीर्वाद.

तू पलीकडच्या खोलीत भूमिती घेऊन बसला आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुला पत्र लिहितोय. समोरासमोर बोलायला बसलो असतो तर मी दोन वाक्यांत उरकलं असतं, नाहीतर तू ‘हो बाबा, कळलं’ म्हणून उठला असतास. हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

राजस्थानातून येऊन तीन आठवडे झाले. आईनं फोटो लावले, चिऊनं वर्गात वाळूची बाटली दाखवली, आजीनं नागौरची वाळलेली मेथी तीन घरी वाटली. सहल छान झाली असं सगळे म्हणतात, तूही म्हणतोस. पण नागौरचं नाव निघालं की तू ताटाकडे बघतोस, हे मला दिसतं.

भाऊबीज उरकून दुसऱ्याच दिवशी आपण निघालो, तेव्हा सोसायटीच्या आवारात तुझा किल्ला उभा होता. या वर्षी राजगड होता, तिन्ही माच्यांसकट. मातीत पेरलेली मोहरी नुकती वर आली होती आणि पाणी कोण घालणार याची तुला काळजी होती. रेल्वेत रात्रभर तू वरच्या बर्थवरून मला मेहरानगढ किती उंच आहे ते सांगत होतास. त्या उत्साहात आपण जोधपूरला उतरलो, हे आठवून मला जास्त लागतं.

मेहरानगढाखाली उभं राहिल्यावर मात्र तू गप्प झालास. राव जोधानं १४५९ मध्ये मंडोरहून राजधानी हलवून त्या कातळावर हा गड बांधायला घेतला. खडक कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते खालून कळतच नाही. आपल्या गडांवर डोंगरच बरंचसं काम करतो, इथं माणसानं डोंगरावर आणखी एक डोंगर रचलाय. दरवाजावर पोचायच्या आधी वाट काटकोनात वळते, म्हणजे हत्तीला धडक द्यायला धाव घेता येत नाही, हे तू चिऊला समजावून सांगत होतास. एका दरवाजापाशी तोफगोळ्यांचे खळगे दिसले, ते तू बोटांनी चाचपलेस. लोहापोळ दरवाजावरचे सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे पाहून आजीनं पदर डोक्यावर घेतला आणि ती तिथं थांबलीच नाही.

आजीचं लक्ष पहिल्यापासून पाण्याकडे होतं. प्रत्येक गडावर तिचा पहिला प्रश्न एकच, ‘पाणी कुठून आणत?’ तिचं माहेर सुप्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, सुकडी खाऊन दिवस काढलेत तिनं. त्यामुळे जोधपूरच्या वाटाड्यानं जेव्हा सांगितलं की इथं पावसाचं पाणी साठवायला घराघरात ‘टांका’ असतो, तेव्हा तिचा चेहरा उजळला. आपल्या गडावरचं टाकं आणि त्यांचा टांका, शब्दसुद्धा एकच. उमेदभवन पाहतानाही तेच झालं. तीनशे सत्तेचाळीस खोल्यांचा तो महाल १९२९ ते १९४३ अशी चौदा वर्षं बांधला जात होता आणि तो काढण्यामागे दुष्काळात लोकांना काम मिळावं हा हेतू होता. तुम्ही सगळे घुमटाकडे बघत होतात, आजी म्हणाली, ‘म्हणजे हेही दुष्काळी कामच की.’

आणि खेजडली. ते गाव वाटेत घ्यायचा हट्ट आईचा होता, आणि मला आता वाटतं की सगळ्या सहलीत ते एक ठिकाण आपण पुरेसा वेळ देऊन पाहिलं. १७३० मध्ये महाराजा अभयसिंहाच्या नव्या महालासाठी चुनाभट्टीला लाकूड हवं होतं. माणसं खेजडीची झाडं तोडायला आली आणि अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यामागून एकेक करत ३६३ माणसं कापली गेली. आजीनं पानं चुरगाळून पाहिली आणि म्हणाली, ‘अरे, ही तर शमी!’ दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. त्याच १७३० च्या जानेवारीत इकडे पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला जात होता. जुन्नरच्या रानातलं सागवान, चिंचवडचा दगड, जेजुरीची चुनखडी. आपल्याकडे त्या लाकडासाठी आणि चुन्यासाठी कुणी काय सोसलं, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. शनिवारवाडा मी शंभर वेळा पाहिला असेल.

आता नागौर.

तो किल्ला तुला आधी आवडला नव्हता. सपाटीवर आहे, डोंगर नाही, कडा नाही. मग आत शिरल्यावर हौद, कारंजी, हमामखाने, पाणी खेळवायचे पाट दिसायला लागले आणि आजी तर एका हौदाच्या काठावर बसूनच राहिली. तिथं तो म्हातारा भेटला. पांढरी दाढी, केशरी फेटा, हातात काठी. त्यानं आजीला स्वतःच्या घागरीतलं पाणी दिलं. कुठून आलात विचारलं. तू अभिमानानं म्हणालास, ‘पुण्याहून.’ तो हसला, आणि हसतच त्यानं ती ओळ म्हटली :

‘खोखर बडो खुराकी, खा गयो अप्पा सरीखो डाकी.’

तू अर्थ विचारलास. त्यानं मोकळेपणानं सांगितला. खोखर म्हणजे जयाप्पा शिंद्यांना मारणारा केसरखान खोखर. त्याची भूक एवढी मोठी की अप्पासारख्या राक्षसालाही तो खाऊन बसला. मग म्हणाला, मरहठ्यांनी आमच्या गावाला वर्षभर वेढा घातला होता, लूटमार केली होती, त्याची ही गोष्ट आहे.

तुझे कान लाल झाले. तू म्हणालास, ‘आमचे लोक लुटारू नव्हते. तुम्ही दगा करून मारलंत त्यांना.’ मराठीतच म्हणालास, पण सूर त्यांना कळला. आणि मी सगळ्यांदेखत तुला म्हणालो, ‘गप्प बस. दुसऱ्याच्या गावात आलोय आपण.’ एवढ्यावरही थांबलो नाही, पुढे म्हणालो, ‘चार गड चढलास म्हणून इतिहास कळतो असं समजू नकोस.’

बिकानेरपर्यंत दोन तास तू खिडकीबाहेर बघत होतास. म्हाताऱ्यानं आपल्याला सांगितलं होतं की जयाप्पांची छत्री, म्हणजे समाधी, तिथंच गावाबाहेर ताऊसरला आहे, जाऊन या. मी उशीर होतोय म्हणालो. उशीर होत नव्हता. मला तिथून फक्त निघायचं होतं. तुला दटावलं ते तू चुकलास म्हणून नव्हतं. तुझ्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत नव्हतं आणि चार लोकांत ते उघडं पडायची मला लाज वाटली. माझं चुकलं. शेवटचं वाक्य तर मी बोलायलाच नको होतं.

परत आल्यावर ग्रंथालयातून इतिहासाचे दोन जाड खंड आणले. तू झोपल्यावर रोज वाचत होतो. जे समजलं ते सांगतो, त्या दिवशी हौदाकाठी बसून सांगायला हवं होतं तसं.

मारवाडच्या गादीसाठी चुलतभावांत भांडण होतं. अभयसिंहाचा मुलगा रामसिंह एका बाजूला, बखतसिंहाचा मुलगा विजयसिंह दुसऱ्या बाजूला. हा अभयसिंह म्हणजे खेजडलीची झाडं ज्याच्या महालासाठी तोडली तोच. रामसिंहानं मराठ्यांची मदत मागितली आणि जयाप्पा शिंदे १७५४ मध्ये फौज घेऊन मारवाडात उतरले. मेडत्याजवळ विजयसिंहाचा पराभव झाला, तो नागौरच्या किल्ल्यात शिरला आणि वेढा पडला. म्हणजे आपण बोलावल्याशिवाय गेलो नव्हतो, हे खरं. पण बोलावणारा एक राजपुत्र होता. नागौरच्या बाजारातल्या माणसानं, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईनं काही आपल्याला बोलावलं नव्हतं, आणि वेढ्यात धान्य तुटतं ते पहिल्यांदा त्यांचं.

जुलै १७५५ मध्ये ताऊसरच्या छावणीत जयाप्पांचा खून झाला. मारेकरी उघड लढायला आले नव्हते, हे तुझं म्हणणंही खरं. आपण त्याला दगा म्हणतो. ज्यांच्या गावाला वेढा पडला होता त्यांनी त्यावर ओळ रचली, आणि ती पावणेतीनशे वर्षं टिकली. इतकी वर्षं एखादी ओळ कुणी उगाच म्हणत नाही रे. आतमध्ये काहीतरी फार सोसलं गेलं असणार.

आता जे सांगणार आहे ते वाचताना मला स्वतःला जड गेलं. जयाप्पा पडल्यावर वेढा कुणी चालवला माहीत आहे? दत्ताजी शिंद्यांनी. तिसरीत असताना गॅदरिंगमध्ये तू ज्यांचं काम केलं होतंस, ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ म्हणताना तुला पाहून आजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेच दत्ताजी. भाऊ मारला गेला तरी ते नागौरवरून हलले नाहीत. नोव्हेंबरात विजयसिंह रात्रीतून निसटून बिकानेरला मदत मागायला गेला. आपण ज्या रस्त्यानं अबोल गेलो, बहुधा त्याच वाटेनं. १७५६ च्या सुरुवातीला तह झाला, विजयसिंहानं मोठी खंडणी कबूल केली आणि अजमेर शिंद्यांकडे आलं. मग चार वर्षांनी, १० जानेवारी १७६० ला, दत्ताजी बुराडी घाटावर पडले. बुराडी घाटावरचा तो माणूस खोटा नाही आणि नागौरच्या वेढ्यातला खोटा नाही. दोघे एकच आहेत. तू दत्ताजींवरचं प्रेम कमी करावंस असं मी म्हणत नाही. माझंही कमी झालेलं नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या गावातून पाहिलं तर ते कसे दिसतात, एवढं मला आता दिसतं आणि ते न दिसल्यासारखं मला करता येत नाही.

जयपूरचंही वाचलं. १७५० च्या डिसेंबरात तिथला राजा ईश्वरीसिंह, मराठा सरदारांच्या खंडणीच्या तगाद्यानं घेरलेला, विष घेऊन मेला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूरच्या लोकांनी शहरात आलेल्या मराठ्यांवर हल्ला करून हजारोंची कत्तल केली. ती वाचताना माझा हात थरथरला, कारण मारले गेलेले आपलेच. पण त्याच्या आधीचं पानही मी वाचलं होतं.

तुला आठवतं, कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत यायचं, ते आपण पाहायला गेलो होतो? ते काम नानासाहेब पेशव्यांनी केलं, याच वर्षांत, १७५० च्या दशकात. तू जमिनीखालचं ते दगडी बांधकाम पाहून थक्क झाला होतास आणि मीही बांधकामातला माणूस म्हणून तुला त्याचा उतार कसा राखला असेल ते समजावत होतो. उत्तरेतून येणारा पैसा सरदारांच्या फौजांत जिरत होता, काही पुण्याला पोचत होता, आणि तरी नानासाहेब कर्जातच होते. त्यातला कुठला रुपया कुठं गेला ते मी तुला सांगू शकणार नाही. पण नागौरच्या हौदाकाठी आजी पाणी प्यायली तेव्हा हे दोन हौद माझ्या मनात एकमेकांशेजारी आले नव्हते, आता येतात.

आणखी एक. गेल्या रविवारी सकाळी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी शिंदे छत्रीवर जाऊन आलो. आपल्या घरापासून चालत वीस मिनिटं. रोज तुझी बस त्या कोपऱ्यावरून वळते. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये इथंच, वानवडीला वारले. महादजी, दत्ताजी आणि जयाप्पा, तिघंही राणोजी शिंद्यांचे मुलगे. म्हणजे एका भावाची छत्री आपल्या घराजवळ आणि दुसऱ्याची ताऊसरला, जिथं मी तुला जाऊ दिलं नाही. सप्टेंबर १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या कवायती पलटणींनी राठोडांचं घोडदळ कापून काढलं, तेव्हाही जोधपूरच्या गादीवर तोच विजयसिंह होता, पस्तीस वर्षांपूर्वी नागौरमध्ये कोंडला गेलेला. तो १७९३ मध्ये गेला, महादजी पुढच्या वर्षी. आयुष्यभर एकमेकांना पुरून उरलेली दोन म्हातारी माणसं. छत्रीच्या पायरीवर बसून मी बराच वेळ हेच घोकत होतो.

जैसलमेरला तू पुन्हा बोलायला लागलास, त्याबद्दल मी त्या किल्ल्याचा ऋणी आहे. तू विचारलंस, ‘बाबा, इथे आपले लोक आले होते का?’ मी म्हणालो, इतक्या लांब वाळवंटात नाही पोचले, आणि तुझे खांदे सैल पडले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की नागौरचं तुला किती लागलंय. तुला लुटारूंचा वारस व्हायचं नव्हतं, एवढंच तू त्या म्हाताऱ्याला सांगत होतास.

बाकी जैसलमेर आपण दोघांनी मिळून पाहिलं, आणि तो दिवस मी जपून ठेवलाय. ११५६ मध्ये रावळ जैसलनं वसवलेला किल्ला, नव्याण्णव बुरूज, आणि आत अजून माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, दुकानं मांडतात. चुन्याशिवाय नुसते खाचा घालून बसवलेले पिवळे दगड तू वाकून वाकून पाहिलेस. मग मी तुला भिंतीच्या पायथ्याची ओल दाखवली. तो गड पाऊस न पडणाऱ्या प्रदेशासाठी बांधलाय. शेकडो वर्षं बायका खालच्या गडीसर तळ्यावरून डोक्यावर पाणी आणायच्या, ते पाणी थेंब थेंब वापरलं जायचं. आता वर नळ आलेत, संडास-न्हाणी आल्यात, आणि ते सगळं सांडपाणी झिरपतं टेकडीत. टेकडी ठिसूळ खडकाची, ओली झाली की सरकते. काही बुरूज ढासळलेत. तू म्हणालास, मग नळ बंद करायचे का? आजी तुझ्याकडे वळून म्हणाली, ‘तू डोक्यावरून आण आधी चार हंडे, मग बंद कर.’ तू त्यावर रात्री सम गावच्या वाळूत बसल्यावरही विचार करत होतास आणि गटाराच्या निचऱ्याचा आराखडा वाळूत बोटानं काढलास. उंट, नाच, तंबूतलं जेवण हे मला धूसर आठवतं, तो आराखडा स्पष्ट आठवतो. उतार बरोबर धरला होतास तू.

जुलै २०२५ मध्ये आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा तू यादी पाठ केलीस, साल्हेरपासून जिंजीपर्यंत. जैसलमेर २०१३ पासून त्या यादीत आहे. आता या दोन्ही याद्यांतल्या किल्ल्यांकडे तू आतूनही पाहावंस आणि खालून, वेढा घालणाऱ्याच्या छावणीतूनही, असं मला वाटतं. मी स्वतः ते आता शिकतोय, त्यामुळे तुझ्याबरोबरच शिकेन.

काल संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेलो तेव्हा तुझ्या राजगडाजवळ थांबलो. मोहरी वाळून गेलीय, सुवेळा माचीचा तट खचलाय. पण पद्मावती तलावाच्या शेजारी तू एक नवं टाकं खणलेलं दिसलं, आणि त्याच्याकडे पाणी नेणारी बारीक चर. आपण आल्यानंतरच खणलं असणार. कुणाला सांगितलं नाहीस.

रविवारी सकाळी साडेसहाला शिंदे छत्रीवर जाऊ. गुडघे दुखतात तरी आजी चालतच येणार म्हणते. आणि उन्हाळ्याआधी, परीक्षा संपल्यावर, तू आणि मी दोघंच ताऊसरला. तिकिटं मी बघून ठेवलीत. तो म्हातारा भेटला तर त्याच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी न्यायची असं आजीनं बजावलंय, पाणी पाजलं होतं त्यानं.

तुझा,
बाबा